डाळिंबी, आमसुली की नुसतीच लाल

लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला गेलो आणि रंगावरून वाद झाला नाही, असं आमच्या घरी होत नाही. गादीवर पदर पसरला की मी म्हणतो डाळिंबी, थोरला भाऊ म्हणतो आमसुली. आई दोघांकडे दुर्लक्ष करून साडी उचलते नि थेट दुकानाच्या दारात, उन्हात जाते. ट्यूबलाइटवर तिचा काडीचा विश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे.

पण ऊन तेच, साडी तीच, तरी मतं वेगळी का? थोडा दोष डोळ्यातल्या प्रथिनांना द्यायला जागा आहे.

डोळ्यात प्रकाश टिपणारा रेणू एकच, रेटिनल. 'अ' जीवनसत्त्वापासून तो बनतो. मोकळा असला तर शोषतो साधारण 380 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे आपल्याला न दिसणारा प्रकाश. ऑप्सिन नावाच्या प्रथिनात बिऱ्हाड थाटलं की मात्र त्याची आवड शेजारावर ठरते. वाड्यातल्या भाडेकरूचं होतं तसंच. एका ऑप्सिनात तो 420 च्या आसपास रमतो, दुसऱ्यात 530, तिसऱ्यात 560. (560 चा प्रकाश खरं तर हिरवट पिवळा, पण त्या ऑप्सिनाला 'लाल' म्हणायची पद्धत पडलीय.)

हिरवं आणि लाल ऑप्सिन ही सख्खी भावंडं. दोन्हींत 364 अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले दुवे), फरक जेमतेम 15 जागांचा. त्यातही रंग सरकवतात मुख्यतः तीनच जागा: 180, 277 आणि 285. लाल ऑप्सिनात तिथे सेरीन, टायरोसीन, थ्रिओनीन बसलेले. तिघांच्याही अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी. हिरव्यातल्या तिघांकडे ती नाही. एवढ्याशा जोड्यांवर पिकलेला टोमॅटो कच्च्यापासून वेगळा ओळखू येतो! या ऑप्सिनांची जनुकं जेरेमी नेथन्स यांनी 1986 मध्ये उलगडली, तीही स्वतःच्याच डीएनएमधून.

खरी मौज 180 व्या जागेची. लाल ऑप्सिनातही काहींना तिथे सेरीन असतं, काहींना अ‍ॅलनीन. दोघांचीही नजर धडधाकट. पण 1992 मध्ये पुरुषांना लाल आणि हिरवा प्रकाश मिसळून पिवळा जुळवायला सांगितला, तेव्हा सेरीनवाल्यांना लाल कमी लागला.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर. मुलग्यांना एक्स एकच, तोही आईकडून. तिच्याकडे मात्र दोन. म्हणजे तिच्या एका एक्सवर सेरीन, दुसऱ्यावर अ‍ॅलनीन असेल, तर आम्हा भावांत एकेक वाटणीला आलं असणं सहज शक्य आहे. भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग सेरीन माझं."

अर्थात फरक मोजक्या नॅनोमीटरचा. डाळिंबी आणि आमसुलीतलं अंतर त्यात मावत नाही, हे मलाही कळतं. आणि अबोली, गुलबक्षी, चिंतामणी ही नावं आम्हा दोघांनाही दुकानदार सांगेल तेव्हाच कळतात.