बाबांच्या झेनचे ब्रेक ऑइल
आज सकाळी बाबांच्या १९९८ च्या झेनचे बॉनेट उघडले, तर ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट झालेले दिसले. हे द्रव हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि इंदूरहून मानपूरचा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये त्याची वाफ झाली, तर पेडल थेट खाली जाते. दुकानात मला डॉट ५ देत होते. ते सिलिकॉनचे असते आणि जुन्या द्रवात मिसळत नाही, म्हणून टाकीच्या झाकणावर लिहिलेले डॉट ३ च सीलबंद डब्यात आणले. जुने ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवे भरेपर्यंत आईला मी या गाडीत बसू देणार नाही.