चिलीतल्या मांजरीचं एवढं काय?

"वाघ-बिबटे सोडून तुम्ही चिलीतल्या मांजरीच्या मागे कशा लागलात?" असं मला हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ग्विन्या ही दोन्ही अमेरिकांमधली सर्वांत लहान रानमांजर. वजन दीड ते तीन किलो, अंगभर काळे ठिपके, शेपटी झुपकेदार. (आपली वाघाटी तिच्याहूनही लहान, पण तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. असो.) मध्य आणि दक्षिण चिली आणि लगतची अर्जेंटिनाची चिंचोळी पट्टी, एवढाच तिचा मुलूख. चिलोए बेटावर पूर्ण काळ्या ग्विन्याही असतात. झाडावर सराईतपणे चढते, उंदीर आणि पाखरं खाते. आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेच्या यादीत ती 'असुरक्षित' गटात आहे.

मला तिने गुंतवलं ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासामुळे. चिलीच्या अरौकानिया भागात जंगल तोडून शेतं आणि कुरणं झाली आहेत. तिथे संशोधकांनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, शेतकऱ्यांशीही ते बोलले. जंगल गेलं तिथून ग्विन्याही गेली असणार, असंच कोणालाही वाटेल. पण बरंचसं जंगल गेलेल्या मोठ्या शेतांतही ती टिकून होती, थोडीफार रानझाडी उरली की तिचं भागत होतं. जमिनीचे बारीक तुकडे पडले, तिथे मात्र तिचं अवघड झालं.

तुकडा पडला की नवं घर येतं, घरामागे कुत्रा, मांजर आणि कोंबड्यांचं खुराडं. कोंबडी गेली की राग ग्विन्यावर, मग शिकारीला बंदी असो वा नसो. चिलोएच्या ग्विन्यांमध्ये तर पाळीव मांजरांकडून आलेले ल्युकेमियाचे विषाणू सापडलेत. चिलीत १९८० च्या कायद्याने शेतजमीन अर्ध्या हेक्टरपर्यंत, म्हणजे सव्वा एकरापर्यंत तोडायची मुभा दिली आणि शहरातल्यांनी हौसेचे प्लॉट घेतले. आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदी कायदा आहे, पण तो शेती परवडावी म्हणून. मांजरीचा विचार त्यात कोण करणार!

उपाय तसे साधे आहेत. रात्री खुराडं नीट बंद करावं, घरच्या मांजरांना लस टोचावी, ओढ्याकाठची झाडी राखावी. पहिले दोन जमतील. तिसरं मला कठीण दिसतं, कारण प्लॉट विकायचा तर आधी झाडोरा साफ करूनच दाखवतात.