बक्षीस मासिकाला का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘लेख लिहिला लेखिकेने आणि बक्षीस मासिकाला, हा कुठला न्याय?’ अमेरिकेतल्या नॅशनल मॅगझिन अवॉर्ड्‌सबद्दल मी बोलायला लागले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक स्वतः लिहिणारे असतात, त्यामुळे त्यात थोडा रागही असतो. माझं आयुष्य मासिकांच्या संपादनात गेलं, तेव्हा उत्तर त्या बाजूने देते.

आधी थोडी ओळख. हे पुरस्कार १९६६ साली सुरू झाले. अमेरिकेतल्या मासिक-संपादकांची संघटना कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाच्या साथीने ते देते. पहिला मान ‘लुक’ला मिळाला. सन्मानचिन्ह म्हणजे शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने घडवलेला हत्ती, म्हणून सगळे त्यांना ‘एली’च म्हणतात. विजेत्यांची यादी उघडलीत तर आधी मासिकाचं नाव दिसतं, मग लेखाचं आणि लेखकाचं. तुमचा आक्षेप नेमका इथेच आहे.

एक लेख घेऊ. २०१३ साली फीचर लेखनाचा एली ‘टेक्सस मंथली’ला मिळाला, पामेला कोलॉफ यांच्या ‘द इनोसंट मॅन’साठी. मायकेल मॉर्टन नावाच्या माणसाच्या पत्नीचा १९८६ मध्ये घरातच खून झाला. पुढच्या वर्षी त्यालाच दोषी ठरवलं गेलं आणि जवळजवळ पंचवीस वर्षं तो तुरुंगात राहिला. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा तेव्हा घरात होता. ‘मारणारे बाबा नव्हते, बाबा घरी नव्हते,’ हे त्याने आजीला सांगितलं होतं. त्या बोलण्याची नोंद पोलिसांकडे होती, पण बचाव पक्षाच्या हाती ती पडलीच नाही. घरामागे सापडलेल्या रक्ताळलेल्या रुमालाची डीएनए चाचणी व्हावी म्हणून वर्षानुवर्षं भांडावं लागलं, आणि शेवटी २०११ मध्ये तो सुटला. खरा खुनी दुसराच निघाला.

म्हणजे कोलॉफ लिहायला बसल्या तेव्हा बातमी फुटून गेली होती. वर्तमानपत्रांनी सुटकेचे फोटो छापले होते, टीव्हीवर सगळं दाखवून झालं होतं. एखादा संपादक सहज म्हणाला असता, ‘आता यात नवीन काय?’ त्याऐवजी मासिकाने त्यांना खटल्याची कागदपत्रं मुळापासून वाचू दिली, माणसांना पुन्हा पुन्हा भेटू दिलं आणि नोव्हेंबर व डिसेंबर २०१२ अशा दोन अंकांत त्या लेखाला जागा दिली. निरपराध माणूस तुरुंगात गेला, हे आपल्याला बातमीतून कळतं. तो कसा गेला, कोणत्या दिवशी कोणी कुठला कागद फायलीतच ठेवला, आणि तुरुंगाच्या भेटीला येणारा मुलगा हळूहळू बापापासून कसा तुटत गेला, हे कळायला दोन अंक लागतात. ती जागा लेखिकेला स्वतःच्या हिमतीवर मिळत नाही. कोणीतरी ती द्यावी लागते, आणि तेवढी पानं जाहिरातींना किंवा दहा छोट्या लेखांना न दिल्याची जबाबदारीही घ्यावी लागते. माझ्या मते एली या निर्णयाला मिळतो.

‘टेक्सस मंथली’ हे न्यूयॉर्कचं मासिक नव्हे, एका राज्यापुरतं, ऑस्टिनमधून निघणारं. १९७३ मध्ये सुरू झालं आणि १९७४ मध्येच त्याने पहिला एली घेतला. ‘मदर जोन्स’चंही तसंच. ते निघालं १९७६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी मार्क डाउई यांनी त्यात फोर्ड पिंटो गाडीवर लिहिलं. मागून धडक बसली की तिची पेट्रोलची टाकी पेट घेई. दुरुस्तीला गाडीमागे ११ डॉलर आणि माणसाच्या जिवाचे २ लाख डॉलर, असा हिशेब मांडणारा कंपनीचा कागद त्या लेखाने वाचकांसमोर ठेवला. १९७८ मध्ये फोर्डला सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी लेखाला एली मिळाला. अशा कंपनीविरुद्ध छापायचं तर वकिलाचं बिल कोण भरतं? लेखक नक्कीच नाही.

मोठ्या नियतकालिकांनाही एका लेखाला एवढी जागा देणं सोपं नसतं. २०१३ मध्ये ‘टाइम’ने रुग्णालयांच्या बिलांवरचा स्टीव्हन ब्रिल यांचा लेख छापला आणि अंकातला लेखांचा अख्खा विभाग त्या एकट्याला दिला. एवढ्या जुन्या साप्ताहिकात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पुढच्या वर्षी लोकहिताच्या गटात त्याला एली मिळाला.

पुरस्कारात सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. २०१२ मध्ये वृत्तांकन, फीचर, व्यक्तिचित्र या वजनदार गटांच्या अंतिम यादीत एकही लेखिका नव्हती, आणि त्यावर बरीच टीका झाली. ती रास्तच होती. बक्षीस मासिकाला म्हणायचं, तर मासिकं मोठी कामं कोणाला देतात हेही त्याच यादीत उघडं पडतं, आणि त्याचा जाबही मासिकालाच द्यावा लागतो. प्रवेशशुल्क असतं, ते छोट्या अंकांना जड जातं, हेही खरं.

आपल्याकडे अंकाला बक्षीस देणं मुळीच परकं नाही. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण संपादकाच्या नावावर अंक विकत घेत आलो आहोत, आणि उत्कृष्ट दिवाळी अंकाच्या स्पर्धाही होतात. मला त्यात एक भर हवी आहे. ‘उत्कृष्ट अंक’ एवढंच जाहीर करून थांबू नये. कोणत्या लेखासाठी, त्याला किती पानं दिली, लेखकाला फिरायला पैसे दिले का, तेही सांगावं. मानधन वेळेवर दिलं का, हेही विचारावं. लिहिणाऱ्यांचा राग खरं तर इथला आहे, आणि तो मला मान्य आहे.

वाचायला सुरुवात कुठून करू, असंही काही जण विचारतात. विजेत्यांपेक्षा अंतिम यादी धरा. एकेका गटात अनेक लेख असतात, आणि न जिंकलेले पुष्कळदा मला जास्त आवडले आहेत. पण पहिला ‘द इनोसंट मॅन’च घ्या, आणि त्याचे दोन्ही भाग सलग वाचा.