सूरह रहमानच्या चार बागा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हिफ्ज करताना, म्हणजे कुरआन तोंडपाठ करताना, मनात एखादं ठिकाण उभं करून आयती (कुरआनची वचनं) लक्षात ठेवता येतात का? येतात. मात्र ठिकाणामुळे क्रम राहतो, शब्द नाही. शब्द उस्तादांना ऐकवूनच पक्के होतात. म्हणून आधी सबक (नवा धडा) तोंडपाठ, मग चित्र.

सुरुवात सूरह रहमानपासून (सूरह म्हणजे कुरआनचा अध्याय) करा, कारण देखावा सूरहनेच दिला आहे. तिच्या ७८ आयतींपैकी ३१ ठिकाणी ‘फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज्जिबान’ (‘तुम्ही दोघं आपल्या रबच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल?’) ही आयत येते आणि तिच्यानंतर काय, इथेच जीभ अडखळते. या ३१ वेळांची वाटणी अशी: सृष्टीच्या वर्णनात ८, हिशेब आणि शिक्षेच्या भागात ७, पहिल्या दोन बागांत ८, पुढच्या दोन बागांत ८.

पहिली जोडी उंचावर कल्पा, दुसरी खालच्या अंगाला. दुसऱ्या जोडीच्या सुरुवातीच्या ‘मिन दूनिहिमा’चा अर्थ बरेच मुफस्सिर (कुरआनचे भाष्यकार) ‘त्या दोन्हींच्या खाली’ असाच घेतात. वर चालताना आधी फांद्या (आयत ४८), मग वाहते झरे (५०), मग फळांच्या जोड्या (५२), मग रेशमी अस्तराच्या बैठकी (५४). खाली गर्द हिरवाई (६४), उसळते झरे (६६), खजूर आणि डाळिंब (६८). बैठकी इथे अगदी शेवटी, हिरव्या (७६). मधली प्रत्येक ‘फबिअय्यि’ म्हणजे एक पाऊल.

घोळ बहुतेक झऱ्यांपाशी होतो. ५० आणि ६६ दोन्ही ‘फीहिमा ऐनानि’ने (‘त्या दोन्हींत दोन झरे’) सुरू होतात, ५० ला ‘नज्जाखतान’ निघालं की मधल्या पंधरा आयती गेल्या. म्हणून तोंड उघडण्याआधी पाणी पाहा: जमिनीवरून वाहतंय तर ‘तज्रियान’, वर उसळतंय तर ‘नज्जाखतान’. दुसरी फसवी जागा ५६ आणि ७४. ‘लम यत्मिस्हुन्न’ (‘त्यांना कुणी स्पर्श केलेला नाही’) दोन्हीकडे आहे. वर त्यानंतर माणिक-पोवळं येतं, खाली हिरव्या बैठकी.

एका आयतीला एकच खूण पुरे. सजावट वाढली की वेग मरतो. अल्लाह, फरिश्ते, पैगंबर यांची चित्रं मनातही रंगवू नयेत. आणि मनातली ही बाग म्हणजे जन्नत नव्हे. जन्नत कोणत्याही डोळ्याने पाहिलेली नाही, असं हदीसमध्येच (पैगंबरांच्या वचनांत) आहे.

सगळीकडे मात्र देखावा सापडत नाही. सूरह बकराहची २८२वी आयत कर्जाच्या लेखी कराराची, कुरआनातली सर्वांत लांब. तिथे पानावरची जागाच कामाला येते. १५ ओळींच्या मदिना मुसहफात (मुसहफ म्हणजे कुरआनची प्रत) ती अख्खं पान व्यापते. म्हणूनच हिफ्जच्या मधेच मुसहफ बदलू नका.

आमोख्ता (आधी पाठ केलेल्याची उजळणी) ऐकवताना कुणाला तरी सुरुवात मधूनच द्यायला सांगा: ‘फीहिमा’ एवढंच, आणि वरची बाग की खालची.