दिवा फुंकून विझतो, ओढून नाही

शिवाजी उद्यमनगरात आमच्या गाळ्याबाहेर पाटी आहे : ‘धूळ काढायचे पंखे भाड्याने मिळतील.’ पाटी लावली त्या वर्षी एक गृहस्थ सोफा झाडायला पंखा मागायला आले होते आणि एक जण गुऱ्हाळासाठी. दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं. घराची तोडफोड चालू असताना धूळ ओढून बाहेर टाकायला पंखा लागतो आणि तो भाड्यानं मिळतो, हे कोल्हापुरात लोकांच्या गळी उतरवायला आमची पहिली दोन-अडीच वर्षं गेली.

मी मूळचा फाउंड्रीतला, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातला. शिरोली एमआयडीसीत अकरा वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. आमच्या फेटलिंग शॉपमध्ये कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायचे. तिथली धूळ ओढून नेणारे हूड, डक्ट (हवेची नळी) आणि ब्लोअर (दाबानं हवा ढकलणारा पंखा) चालू ठेवायचं काम माझ्याकडं. ब्लोअरचा बेल्ट ढिला झाला की अर्ध्या तासात शॉपच्या पलीकडच्या टोकाचा माणूस पुसट दिसायला लागायचा. त्या वाळूतला सिलिका छातीत गेला की काय होतं, हे तिथल्या जुन्या माणसांकडं बघून कळायचं. जिना चढताना मधेच थांबून, कुणाशी तरी बोलायचंय असं दाखवणारी माणसं. या छातीच्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, तो झाला की मागं फिरत नाही. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या यादीत तो सरकारला कळवायलाच लागायचा असा रोग होता. पण तो कायदा कारखान्यापुरता. तुमच्या-आमच्या घरात ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल कापणारा पोरगा नाकाला रुमाल बांधतो, तोही मालक बघत असला तर.

हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं स्वतःच्या घरात काय केलं, ते ऐका.

मंगळवार पेठेतलं आमचं घर आजोबांच्या वेळचं. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर कौलं, माळ्यावर तीन पिढ्यांची अडगळ. २०१४ च्या मे महिन्यात मधली भिंत पाडून नवी फरशी घालायला काढली. आईला दम्याचा त्रास, म्हणून तिला महिनाभर मावशीकडं राहा म्हटलं. तर म्हणाली, “माझं घर उकरतोस आन् मलाच भायेर काढतोस व्हय रं?” आणि देवघराच्या खोलीत ठाण मांडून बसली.

मी कंपनीतनं एक जुना मॅनकूलर मागून आणला. फाउंड्रीत भट्टीपुढच्या माणसाला वारा घालायचा तो दांडगा पंखा. दारात उभा केला, तोंड घराच्या आत. हिशेब सरळ होता : जोरात वारा मारला की धूळ समोरच्या खिडकीतनं बाहेर. धूळ गेली, पण खिडकीतनं नाही. स्वयंपाकघरात गेली, कपाटात गेली, तुरीच्या डाळीच्या डब्यात गेली. देवांवर विटकरी थर बसला. रात्री आईला दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली. परत येताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली, “कंपनीत बी असंच करतोस काय?”

दुसऱ्या दिवशी पंखा उलटा केला. खिडकीत बसवला, तोंड बाहेर. खिडकीची उरलेली जागा प्लायवूडचा तुकडा आणि प्लास्टिक लावून बंद केली. देवघराचं दार बंद, फटीला ओलं धोतर. समोरचं रस्त्याचं दार वीतभर उघडं. मग उदबत्ती पेटवून घरभर फिरलो. जिथं जाईल तिथं धूर खिडकीकडं वाकत होता. आमचा गवंडी कुदळ टाकून बघत राहिला. तो म्हणाला, “मालक, ह्यो पंखा धूळ खातोय.”

त्यानंतर मी हे जिथं जातो तिथं सांगत असतो. दिवा फुंकून विझतो, ओढून विझत नाही. पंखा पुढं वारा फेकतो तो लांबवर जातो, पंख्याच्या तोंडाच्या तीसपट अंतरावरही त्याचा जोर दहा टक्के शिल्लक असतो. मागून ओढताना मात्र तोंडाएवढ्याच अंतरावर जोर दहा टक्क्यांवर येतो. म्हणजे १२ इंची पंख्याच्या मागं फूटभर गेलात की ओढ जवळपास संपली. म्हणून कटरशेजारी पंखा ठेवून तो धूळ गिळेल असं समजणाऱ्याचं हसू येतं, आणि मीही त्यातलाच होतो म्हणून जास्त येतं. पंख्यानं धुळीचा कण पकडायचा नसतोच. खोलीतली सगळी हवा एका बाजूनं बाहेर काढायची, म्हणजे दुसऱ्या बाजूनं स्वच्छ हवा आपोआप आत येते आणि येताना धूळ पुढं ढकलत नेते. मधल्या माणसाच्या पाठीवर स्वच्छ वारा आला पाहिजे, तोंडावर नाही. आणि आत यायला वाट ठेवलीच नाही, तर पंखा नुसता गरगरतो. रिकाम्या बाटलीला तोंड लावून ओढून बघा, काय येतं ते.

२०१५ मध्ये नोकरी सोडली आणि दोन पंखे घेतले. १२ इंची, पुढं पिवळी कापडी डक्ट, आतून तारेचं वेटोळं. पहिल्याच कामावर बिगाऱ्यांनी त्याचं नाव ‘हत्ती’ ठेवलं आणि डक्टला ‘सोंड’. आजही आमच्या वहीत तसंच लिहिलेलं असतं : हत्ती २, सोंड ३. बायको वही लिहिते. सुरुवातीला तिचं म्हणणं होतं, “अहो, लोक आपल्याला सर्कसवाले समजतील.”

पंख्याच्या कागदावर ताशी ३,००० घनमीटर हवा लिहिलेली. १२ बाय १० ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर. म्हणजे हिशेबानं खोलीतली हवा मिनिटाला एकदा तरी बदलायला हवी. पण सोंड २५ फूट लांब, त्यात जिन्यात दोन वळणं आणि मधे कुणीतरी खरमातीचं पोतं टेकवलेलं. आम्ही वाऱ्याचा मीटर आणून मोजलं, तर निम्म्यापेक्षा कमी भरलं. तेव्हापासून सोंड जेवढी लागेल तेवढीच कापून देतो, ताणून बांधतो आणि वळण असेल तर मोठं गोल घेतो. ढिली सोंड आतल्या आत सुरकुतते आणि वारा तिथंच जिरतो.

आता मिरचीची गोष्ट. राजारामपुरीत पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पुट्टी घासायचं काम होतं. पुट्टीची धूळ गव्हाच्या पिठापेक्षा बारीक. सोंड मागच्या खिडकीतनं बाहेर सोडली, आत फ्लॅट आरशासारखा. आम्ही खूश. एप्रिल महिना होता आणि खालच्या पत्र्यावर शेजारच्या काकूंनी वर्षाच्या चटणीची मिरची वाळत घातली होती. ब्याडगी, संकेश्वरी मिळून आठ किलो. दुपारी साडेतीनला काकू वर आल्या तेव्हा पत्र्यावर बर्फ पडल्यासारखं झालं होतं. कोल्हापुरात माणूस पैशाचं नुकसान एक वेळ विसरेल, चटणीचं नाही. मी त्याच संध्याकाळी लक्ष्मीपुरीत जाऊन आठ किलो मिरची घेतली. त्यांनी ती हातात घेऊन, मोडून, वास घेऊन परत केली : “ही गेल्या सालची हाय.” दुसऱ्यांदा आणली ती ठेवून घेतली.

आपल्या घरातली धूळ काढली म्हणजे ती नाहीशी झाली नाही, दुसऱ्याच्या दारात गेली, एवढं मला आठ किलो मिरचीनं शिकवलं. मग सोंडेच्या टोकाला कापडी पिशवी बांधून बघितली. पहिली पिशवी उशीएवढी शिवली. दहा मिनिटांत ती फुग्यासारखी ताठ आणि पंख्याचा वारा बंद. पात्याच्या पंख्याला दाब फार सोसत नाही, पुढं अडलं की तो हात टेकतो. मग कापड तेच ठेवून दहा फूट लांबीची, गादीच्या खोळीसारखी पिशवी शिवून घेतली. कापड जितकं जास्त तितका वारा सुटायला वाव. ती चालली. बारीक धूळ थोडी निसटतेच, म्हणून पिशवीपुढं ओली गोणपाटं टांगतो आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून येतो. ते सांगून येणं पिशवीपेक्षा जास्त कामी येतं.

बंबाचा प्रकार त्याच्या पुढच्या वर्षी. शिवाजी पेठेत एका जुन्या घरात सकाळी पंखा लावला आणि पाच मिनिटांत आतनं धूर. सगळे ‘मोटार जळली’ म्हणून पळाले. मोटार ठीक होती. मागच्या न्हाणीघरात आजींनी पाणी तापवायला बंब पेटवला होता. आम्ही सगळी दारं-खिडक्या बंद केलेली, त्यामुळं पंख्यानं हवा ओढली ती न्हाणीच्या धुराड्यातनं, आणि त्याबरोबर बंबाचा धूर उलटा घरात. तो धूर निदान दिसला. गॅस गिझर असता तर त्याचा विषारी वायू दिसला नसता आणि गोष्ट वेगळी झाली असती. आता फोनवर आमचा पहिला प्रश्न हाच असतो : बंब, चूल, गॅस गिझर काही आहे का? लोकांना वाटतं, हा माणूस पंखा देतोय की लग्नाची चौकशी करतोय.

ऑगस्ट २०१९ चा पूर आला तेव्हा आमच्याकडं १२ हत्ती होते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, पाणी त्या वर्षी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून दुधाळीपर्यंत घरांत गाळ. ओला असेपर्यंत गाळ फावड्यानं निघतो, वाळला की तोच पिठासारखा उडतो आणि त्यात काय काय मिसळलेलं असतं ते न सांगितलेलं बरं. पहिले पंधरा दिवस आम्ही भाडं घेतलं नाही. भिंतीतलं वायरिंग भिजलेलं, म्हणून जनरेटर सोबत नेत होतो. लोक दारं-खिडक्या लावून आत पंखा फिरवत बसायचे, भिंत वाळेल म्हणून. भिंतीतलं पाणी हवेत येतं, पण ती हवा बाहेर गेली नाही तर ते परत भिंतीवरच बसतं. श्रावणात बाहेरची हवाही दमटच, त्यामुळं खरं वाळणं झालं ते ऑक्टोबरच्या उन्हात. त्या दिवसांत चार मोटारी गेल्या. वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीत, गाळाची धूळ शिरली होती. तेव्हापासून बंद बॉडीचीच मोटार घेतो.

काही कामांना पंखा देत नाही. लाकडाला मारतात त्या पीयू किंवा मेलामाइन पॉलिशचा वास काढायला सुतार हमखास मागतात. त्यात थिनर असतो, आमच्या मोटारी साध्या, सोंडेत थिनरची वाफ साठली आणि एक ठिणगी पडली तर संपलं. तिथं फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेर न सोडणारी, मोटार लागते, ती आमच्याकडं नाही. एक कॉन्ट्रॅक्टर यावरून इतका रागावला की दोन वर्षं त्यानं काम दिलं नाही. चालायचंच. जुना रंग खरवडायचा असेल तर मात्र पंखा देतो, पण कोरडं घासू देत नाही, आधी पाणी मारायला लावतो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं हा नियम आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून आला. त्याआधीचे चकचकीत ऑइल पेंट तुमच्या दारं-खिडक्यांवर असतील तर घरातली लहान मुलं त्या दिवशी आजोळी पाठवा.

माझी कायमची कुरबुर आहे ती पंखा बंद करण्याच्या घाईबद्दल. कटर थांबला की मिस्त्री पंख्याचं बटण दाबतो, मालकाचं वीजबिल वाचवायला. केसाची जाडी धरा ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). छातीत खोल उतरणारी धूळ १० मायक्रॉनच्या खालची. त्यातला एक मायक्रॉनचा दगडी कण बंद खोलीत छतापासून जमिनीवर यायला नऊ-दहा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचला काम थांबलं, खोली स्वच्छ दिसली, म्हणून सातला तुम्ही तिथं जेवायला बसलात, तर ताटात काय पडतंय ते बघा. आमचा पंखा तासाला अर्धा युनिट वीज खातो. काम संपल्यावर तासभर चालू ठेवा म्हणून आम्ही पंख्यावर लाल रंगानं लिहून ठेवलंय. आणि मग पुन्हा कोरडा झाडू मारून सगळं हवेत उडवू नका, हे मात्र कुठं लिहावं कळत नाही. पंखा आहे म्हणून मास्क नको, पाणी नको असंही नाही. टाइल कापताना कटरवर पाण्याची धार असेल तर आमच्या हत्तीला निम्मंच काम उरतं, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.

कोरोनाच्या २०२० मध्ये तीन महिने एक रुपया आला नाही. नंतर घरात बसून कंटाळलेल्या लोकांनी घरं बदलायला काढली आणि दिवाळीपर्यंत सगळे पंखे बाहेर. आता २६ पंखे आहेत, दोन पोरं कामाला आहेत. दोघांनाही आधी उदबत्ती घेऊन घरात फिरायला शिकवलं, पंखा नंतर.

सध्या डोक्यात ब्लोअर आहे. पात्याच्या पंख्याला दाब सोसत नाही, ब्लोअरला सोसतो, मग पिशवी लहान शिवून चालेल आणि चौथ्या मजल्यावरनं सोंड जिन्यानं खाली सोडता येईल. उद्यमनगरात शेजारच्याच गल्लीत इंपेलर, म्हणजे ब्लोअरच्या आतलं पात्यांचं चाक, बनवून घेतला. चालू केला तर गाळ्याची खिडकी थरथरली. बॅलन्सिंगला परत दिलाय, मिस्त्री म्हणाले मंगळवारी या. दोन मंगळवार गेले. गंगावेशीतल्या एका घराचं काम पुढच्या सोमवारी आहे, तोवर जुनेच हत्ती न्यावे लागणार. बंब आहे, विचारून ठेवलंय. सकाळी आठच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकतो म्हणालेत.