तंबोरा नोंद ७ : खरज बोलला

मंडळी, खरज, म्हणजे तंबोऱ्याची सगळ्यात खालच्या ‘सा’ची तार, बोलला. मंगळवारी रात्री पावणेदहाला. मागच्या नोंदीत ‘आता फक्त जवारी राहिली, आठवड्याभरात उरकतो’ असं लिहिलं होतं (जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून झंकार आणणं), त्याला साडेपाच आठवडे झाले. एवढे दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हाताला लागतच नव्हतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. मी दुरुस्त करतोय तो हा तंबोरा सांगलीच्या गावभागातल्या एका स्नेह्यांचा. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा त्यांच्या तळमजल्यावर पाणी होतं. ओसरल्यावर हा कपाटाच्या वर अडकलेला सापडला. भोपळा पोकळ, त्यामुळे तरंगत वर गेला असणार. फेकायला निघाले होते, मी मागून घेतला. भोपळ्याची चीर, सुटलेला सांधा, खुंट्या, लाखेचं पॉलिश हे सगळं आधीच्या सहा नोंदींत आलंय.

आता दुखणं. चार तारांपैकी पंचम आणि पहिली जोड (मधल्या ‘सा’च्या दोन तारांतली एक) सुरेख बोलत होत्या. दुसरी जोड मात्र छेडली की ‘झंन्’ करून दोन-तीन सेकंदांत विझायची, आणि खरज म्हणजे नुसता ठोका. झंकार नाहीच. तार आणि घोडी यांच्यामध्ये घालतात तो दोरा पुढे घ्या, मागे घ्या, फरक शून्य.

मी काय केलं? घोडीच्या माथ्यावर कानस चालवली. तेहतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना कानस धरायला शिकवली, त्यामुळे काही बिघडलं की हात आधी कानशीकडे जातो. नोंद ५ मध्ये लिहिलं होतं की पहिल्या प्रयत्नात मी माथा सपाट करून टाकला होता, कारण आमच्या शिकवणीत सपाटी आली की काम पास. जवारीला सपाटी चालत नाही. हाडाच्या माथ्याला पुढे इतका हलका उतार लागतो की डोळ्याला दिसू नये, तारेला मात्र कळावा. तार थरथरताना त्या उतारावर पुढे-मागे टेकत राहते, त्यातूनच तो झंकार येतो. तो उतार या वेळी मी नीट काढला होता. ४०० चा पॉलिश पेपर, मग ८००, मग काचेवर ठेवून १२००. पहिल्या दोन तारांनी लगेच दाद दिली. उरलेल्या दोघींनी नाही.

मग तारांवर संशय घेतला. ऑनलाइन मागवलेला संच होता. खरजाची पितळी तार मायक्रोमीटरने पाच जागी मोजली तर एका टोकाला ०.६९ आणि दुसऱ्या टोकाला ०.७३ मिमी. अशी तार सुरात लागली तरी आतले स्वर एकमेकांशी भांडतात. ती काढली, मिरजेतून वजनावर मिळणारी २२ गेजची पितळी तार आणली. पाचही जागी ०.७१. माझं मत स्पष्ट आहे : तार हाताने चाचपून, रिळावरून कापून घ्यावी, पाकिटातली घेऊ नये. पण तार बदलूनही खरज मुकाच.

शेवटी तंबोरा गोधडीत गुंडाळला आणि मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत ज्या चाचांकडे मी अधूनमधून बसतो (नाव त्यांच्या इच्छेप्रमाणे देत नाही) त्यांच्या हातात सतार होती. मान वर न करता त्यांनी माझी खरजाची तार दोनदा ऐकली, घोडीवर नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, “घोडी बसली न्हाय, सर.” एवढंच. दुकानात गिऱ्हाईक आलं, पुढे विचारायला मला संकोच वाटला.

‘बसली नाही’ म्हणजे जागेवर नाही, असा अर्थ मी घेतला. घरी येऊन आठ दिवस घोडी तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी पाटीवर, सरकवत होतो. दोन मिमी वर, तीन खाली, थोडी तिरकी. दर वेळी चारही तारा सैल करायच्या, सरकवायची, पुन्हा काळी एकला (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावायची, सूर बारीक करायचे मणी जुळवायचे, दोरे घालायचे. एका फेरीला पाऊण तास. बावीस फेऱ्यांची नोंद वहीत आहे, हाती काही आलं नाही.

खरी खूण त्या वहीतच होती. एका रात्री चार तारांचे झंकाराचे सेकंद एका खाली एक मांडले : पंचम ९, पहिली जोड ८, दुसरी जोड ३, खरज १. आणि लक्षात आलं की चांगल्या दोन्ही तारा घोडीच्या एका पायावर आहेत आणि आजारी दोन्ही दुसऱ्या पायावर. दुखणं माथ्यात नव्हतंच, पायात होतं. चाचा ‘बसली न्हाय’ म्हणाले ते अगदी शब्दशः. घोडीचा पाय तबलीवर बसत नव्हता.

हे कळल्यावर मी पुन्हा माझ्या ओळखीच्या कामात आलो, कारण दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसवणं हे तर आमचं रोजचं काम. वर्कशॉपमध्ये प्रशियन ब्लू लावून मॅचिंग करतात. एका भागाला निळा रंग पुसट फासायचा, दुसरा त्यावर ठेवून हलवायचा, जिथे रंग उमटेल तिथेच तो टेकतोय. तेवढाच भाग खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा खरवड. तबलीचं पॉलिश खराब होऊ नये म्हणून तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि ब्लू पट्टीवर फासला. घोडी ठेवली, दाबली, उचलली. चांगल्या पायाच्या तळाला सगळीकडे निळं. आजारी पायाला फक्त आतल्या कोपऱ्यात मुगाएवढा एक ठिपका.

कारणही समजलं. पुराच्या पाण्यात तबलीची तीच बाजू जास्त भिजली असणार. तुनाचं लाकूड वाळताना तिथे वेगळं वळलं. मूळ घोडी मूळ तबलीसाठी बसवलेली, तबलीनेच आकार बदलला तर घोडी काय करणार? पाय अधांतरी राहिला की तारेचं थरथरणं तबलीपर्यंत जातच नाही, वाटेतच मरतं.

जुन्या हॅकसॉ ब्लेडचा स्क्रेपर घासून केला आणि पायाचं लाकूड धूळ निघेल इतकंच खरवडत गेलो. चौदा वेळा. शेवटी दोन्ही पायांना सारखा निळा रंग आला. आनंदाने तारा चढवल्या. दुसरी जोड ३ वरून ५ वर, खरज १ वरून ३ वर. सुधारणा होती, पण बरा झाला म्हणावं असं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी तारा ताणलेल्या असतानाच फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचातली) सगळ्यात पातळ पात, ०.०५ मिमीची, पायाच्या कडेला लावून पाहिली. बाहेरच्या अंगाने ती सरळ आत गेली! तारा सैल असताना जात नव्हती. म्हणजे ताण आला की तबली दबते आणि तिचा आकार आणखी बदलतो. कागदावर हिशोब केला. जोडीची २९ गेजची पोलादी तार, मोकळी लांबी १ मीटर, स्वर काळी एक म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपनं. एका तारेत साडेपाच किलोहून जास्त ताण येतो. चार तारांचा मिळून वीस-पंचवीस किलो, आणि त्यातला काही भाग घोडीवरून सरळ खाली दाबतो. ओझं नसताना जुळवलेली घोडी ओझ्याखाली कशी जुळेल? मॅचिंग ताणाखालीच व्हायला हवं.

पण ताणाखाली घोडी हलवून ब्लू उमटवणार कसा? इथे कार्बन पेपर आठवला. स्टेशनरीच्या तीन दुकानांत नाही म्हणाले, चौथ्यात मागच्या कप्प्यातून एक जुनी फाईल निघाली. कार्बनचा तुकडा काळी बाजू वर करून पायाखाली ठेवला, तारा पूर्ण सुरात चढवल्या, खरज दहा वेळा छेडला, तारा सैल केल्या, घोडी उचलली. जिथे भार होता तिथे काळे ठिपके, जिथे नव्हता तिथे कोरं लाकूड. ज्यांनी कुणी पुरात किंवा गळक्या छपराखाली भिजलेलं वाद्य हाती घेतलंय त्यांनी हे करून बघाच. ब्लूपेक्षा कार्बन सरस, कारण तो खऱ्या ओझ्याखालची गोष्ट सांगतो. अशा नऊ फेऱ्या झाल्या. दर फेरीत खरवड अगदी केसाएवढी.

मंगळवारी दहावी फेरी. आमची ही बासष्टाव्या वर्षी गांधर्वची प्रवेशिका पूर्ण ही गाण्याची परीक्षा देते आहे, ती आत भाजी निवडत बसली होती. मी खरज लावला, दोरा हळूहळू पुढे सरकवला. एका जागी तार अशी उघडली की मी हात काढून घेतला. तेवढ्यात आतून आवाज आला, “अहो, थांबा! हलवू नका. गंधार येतोय.” मला आधी कळलं नाही. ती बाहेर येऊन भोपळ्याशी कान लावून बसली, ‘सा’ लावला आणि त्यावर अलगद गंधार म्हटला, म्हणजे मला कुठे ऐकायचं ते कळावं. मग मलाही आला. खरजाच्या पोटातून, कुणी न वाजवता. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना सांगायला नको. गणिताने तो मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा, म्हणजे आमच्या खरजात ३४६ च्या आसपास. पण गणित माहीत असणं वेगळं आणि आपल्या हाताने बसवलेल्या घोडीतून तो उमटणं वेगळं. दोघंही साडेअकरापर्यंत बसून होतो. भाजी तशीच राहिली.

आजचे आकडे : पंचम ९, जोड ८ आणि ८, खरज ११ सेकंद.

काल आणखी एक प्रयोग केला. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा-वीणेच्या घोडीवर लिहिलं होतं. साध्या तारेला बरोबर मध्यावर छेडलं तर वरचा ‘सा’, म्हणजे दुप्पट कंपनांचा स्वर, निघायला नको, कारण तिथेच त्याची स्थिर जागा असते. तंबोऱ्यात मात्र तो निघतो, आणि ते घोडीच्या त्या हलक्या उतारामुळे. मी जोडीची तार फूटपट्टीने मोजून मधोमध छेडली. दोरा काढून वरचा सा अगदी फिकट, दोरा घालून खणखणीत. मोबाइलच्या ॲपमध्ये पट्ट्याही तशाच दिसल्या. जवारी लागली की नाही हे पाहायला ही सोपी कसोटी आहे, कान तयार नसलेल्यांनाही जमेल.

पुढचा बेत असा होता की या घोडीचा माथा फार घासला गेलाय म्हणून नवीन घोडी घ्यायची. हाडाची पट्टी चाचांकडून आणि खालचं लाकूड शिसवी. पण हे लिहितानाच मन बदलतंय. पाय इतक्या कष्टाने बसले आहेत, ते फेकायचे कशाला? जुन्या घोडीचे पाय तसेच ठेवून फक्त वरची हाडाची पट्टी सरसाने बदलली तर? सरस ओलावा धरतो, म्हणून हे पावसाळा संपल्यावर. तोवर तबली ऋतूप्रमाणे किती हलते हे बघायचं आहे. कोपऱ्यात आर्द्रतामापक ठेवलाय आणि दर रविवारी ताणाखाली फीलर गेज लावून आकडा लिहिणार आहे. आज हवेत ८१ टक्के, पात कुठेच शिरत नाही. वैशाखात काय होतं ते बघू. कदाचित उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची अशा दोन घोड्या ठेवाव्या लागतील. हे आत्ताच सुचलं, चाचांना विचारतो.

त्यांच्याकडे शनिवारी जाणार आहे. या वेळी त्यांचं एक वाक्य कळायला मला आठ दिवस लागले, म्हणून आता संकोच न करता शेजारी बसून बघणार. सतारमेकरांचे मूळपुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, हत्यारं करणारे. तलवारीला धार लावणारे हात मिरजेत वाद्यांकडे वळले, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँसारखे गवई याच गावात राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मानांकन वाद्याला मिळतं. टिचकी मारून ‘बसली न्हाय’ सांगणारा कान शिकायला कुणीतरी त्या गल्लीत जाऊन बसायला हवं. मला वेळ आहे, मी बसणार. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कानस चांगली धरणारे दोघं आहेत, त्यांनाही विचारलंय. एक हो म्हणालाय.

एक प्रश्न. दोऱ्यासाठी मी शिवणाचा सुती दोरा वापरतोय, पण दमट हवेत तो फुगतो आणि दोन दिवसांत जागा बदलावी लागते. कुणी रेशमी दोरा वापरून पाहिलाय का? खरजावर कसा बोलतो ते जरूर कळवा. हिची परीक्षा जवळ आली आहे आणि रोज पहाटे पाचला तंबोरा लागतो.