पाळी आलीच नाही, मग दिवस कसे गेले?

मी सोलापुरात बायकांच्या एका छोट्या दवाखान्यात सिस्टर आहे, अकरा वर्षं झाली. ओळख लागू नये म्हणून यातलं थोडंफार बदलून लिहितेय, पण चूक माझीच होती ती तशीच ठेवलीय.

फेब्रुवारीतली दुपार, ओपीडी उरकत आलेली, आणि एकजण आवाज चढवतच आत आला. "तुमच्या गोळ्या डुप्लिकेट हायत का ओ?" मागं त्याची बायको, तोंडाला पदर. बघताक्षणी ओळखलं मी तिला. घरी विड्या वळते, रोजच्या हजार, बोटांना तंबाखूचा वास बसलेला, घरात तेलुगू बोलतात त्यामुळं मला अक्का म्हणते. दोन पोरं, धाकटं दीड वर्षाचं. 26 डिसेंबरला ती आलेली, 7 आठवडे भरलेले, डॉक्टर मॅडमनी तपासून गर्भपाताची पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, दिली, तिसऱ्या दिवशी दुसरी, मिसोप्रोस्टॉल, रक्तस्राव व्यवस्थित झाला असं तिनंच फोनवर सांगितलेलं. आणि आता घरी टेस्ट केली तर दोन रेषा.

नवऱ्याचं म्हणणं एकच, दिवस पडलेच नाहीत, कारण मधे पाळीच आली नाही. पाळी नाही तर नवीन दिवस कुठून जाणार? हिशोब ऐकायला बरोबर वाटतो. खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला, कारण जुनंच राहिलं असेल तर आता 14 आठवडे, म्हणजे गोळ्यांचा विषय संपला आणि सगळंच वेगळं करावं लागणार. नुसत्या टेस्टवर काही ठरत नाही, गोळ्यांनंतर महिनाभर सुद्धा ती जुन्या दिवसांमुळं पॉझिटिव्ह दाखवू शकते, पण इथं तर महिना कधीच उलटलेला.

सोनोग्राफी केली. 6 आठवडे, ठोके सुरू.

मॅडमनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याला जवळ बोलावलं. 6 आठवडे आपण मागच्या पाळीपासून धरतो, म्हणजे प्रत्यक्षात दिवस राहिले ते साधारण 4 आठवड्यांपूर्वी, असं म्हणत त्यांनी पेन एकेक आठवडा मागं नेलं आणि ते जानेवारीच्या 16-17 तारखेवर येऊन थांबलं. सोलापूरकराला त्या तारखा सांगाव्या लागत नाहीत. 14 ला सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या अक्षता झालेल्या, गड्डा म्हणजे यात्रेतली जत्रा भरलेली, हा लूमवर नाइट करणारा माणूस चार दिवस सुट्टी काढून घरी. तो कालनिर्णयाकडं बघत राहिला, मग पंख्याकडं, आणि एकदम म्हणाला, "मी जरा गाडी बघून येतो." तिनं पदर आणखी वर ओढला, पण डोळे हसत होते हे मी बघितलं.

मग मॅडमनी तिला सांगितलं ते असं, की गोळ्यांनी दिवस पडले की शरीर पाळीची वाट बघत बसत नाही, आठ दिवसांत सुद्धा अंडं सुटू शकतं, बऱ्याच जणींचं तीन आठवड्यांच्या आत सुटतं, आणि पाळी येते ती अंडं सुटल्यानंतर. म्हणजे पहिली पाळी यायच्या आधीच दिवस जाऊ शकतात.

हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण डिसेंबरात गर्दी होती आणि मी तिला म्हणलं होतं, पंधराव्या दिवशी ये, तेव्हा पुढच्या साधनाचं बोलू. पंधरावा दिवस म्हणजे 9 जानेवारी. ती आली नाही. रक्त थांबलेलं, दुखत काही नाही, आणि दवाखान्यात अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या कमी. फोन तरी करायचा, पण नंबर शेजारणीचा, आणि असल्या गोष्टीत तिसऱ्याला कळू द्यायचं नाही हा कायदाच आहे. म्हणून राहिलं ते राहिलंच.

तिची भीती वेगळीच होती. नवरा बाहेर गेल्यावर हळूच विचारलं, "अक्का, परत गोळ्या घेतल्या तर पिशवी खराब होते म्हणं? पुढं कधी पोर पायजे वाटलं तर?" मला हसावं की रडावं कळेना. अगं बाई, तीन आठवड्यांत तुला परत दिवस गेले, पिशवी खराब झाली असती तर हे झालं असतं का? मॅडमनी नीट सांगितलं, गोळ्यांनी पुढं मूल व्हायला अडचण येत नाही, तुझ्यापुढं पुरावा आहेच.

तिला ठेवायचं नव्हतं. फॉर्मवर सही तिची एकटीची, अठरा पूर्ण असली की नवऱ्याची सही लागत नाही, तरी त्यानं पेन पुढं केलंच सवयीनं. या वेळी मी सगळी साधनं पहिल्या गोळीच्या आधीच टेबलावर मांडली. तांबी नको म्हणाली, बहिणीला त्रास झालेला. माला-एनची गोळी रोज घ्यायची लक्षात राहणार नाही आणि सासूच्या हाती पाकीट लागलं तर घरात महाभारत. तीन महिन्यांचं इंजेक्शन आवडलं, कारण ते कुणाला दिसत नाही. सरकारी दवाखान्यात तेच अंतरा म्हणून फुकट मिळतं, हेही सांगितलं. पाळी मागंपुढं होईल, कधी बंदही राहील, आणि थांबवल्यावर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे दोनदा सांगितलं, परत कुणी डुप्लिकेट म्हणत यायला नको. तिसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉलला आली तेव्हाच पहिलं देऊन टाकलं. तेव्हापासून मी पंधराव्या दिवसावर काहीच ढकलत नाही.

निघताना ती दारात थांबली. "अक्का, पुढच्या गड्ड्यापर्यंत किती सुया?"

फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. बोटांवर मोजून म्हणलं, चार.

"मग चालतंय," म्हणाली आणि गेली, संध्याकाळच्या आत विड्या द्यायच्या होत्या.